सतरंजीएवढी व्यायामशाळा : लहरीपुरा, टाळेबंदी आणि बडोद्याचा वारसा

बडोदे शहराच्या जुन्या तटबंदीला चार दिशांना चार दरवाजे होते. पूर्वेस पाणीगेट, उत्तरेस चांपानेर दरवाजा, दक्षिणेस गेंडीगेट आणि पश्चिमेस लहरीपुरा. या चारही दरवाजांकडून येणारे रस्ते शहराच्या मध्यभागी मांडवीच्या मंडपापाशी एकमेकांना मिळतात. लहरीपुरा दरवाजासमोर १८९६ साली पूर्ण झालेली न्यायमंदिराची भव्य वास्तू आहे, तिच्या पलीकडे सूरसागर तलाव आहे आणि दरवाजाच्या आत मंगळ बाजाराची अखंड वर्दळ आहे. खाली दुकान, वर बिऱ्हाड आणि दोन घरांच्या मध्ये जेमतेम एका वाहनाची वाट, अशी या भागातील अनेक पोळींची रचना आहे. घर लहान असले तरी ओटा, गल्ली आणि बाजार हे घराचेच विस्तारलेले भाग असल्यासारखे येथील जीवन चालते.

मार्च २०२० मध्ये हा विस्तारलेला भाग एकाएकी नाहीसा झाला. उरल्या त्या खोल्या. त्यांतच माणसांना खायचे, झोपायचे, शिकायचे, काम करायचे आणि आपले स्वास्थ्य सांभाळायचे होते. बडोद्याच्या जुन्या वस्तीत हा प्रश्न जितका तीव्र होता, तितकाच तो मुंबईच्या चाळीत, पुण्याच्या सदनिकेत आणि पणजी-मडगावच्या इमारतींतही होता. परंतु बडोद्याकडे या प्रश्नाचे एक जुने उत्तरही होते. कमीत कमी जागेत, साधनांवाचून, नेमाने शरीर राबवण्याची जी विद्या या शहराने शतकभर जोपासली आणि मराठीत ग्रंथबद्ध केली, ती टाळेबंदीच्या काळात अनेकांना नव्याने उपयोगी पडण्यासारखी होती. आजही ती तशीच आहे.

टाळेबंदीचा क्रम

२२ मार्च २०२० रोजी देशभर ‘जनता कर्फ्यू’ पाळण्यात आला. त्या दिवशी सायंकाळी पाच वाजता लोकांनी दारा-खिडक्यांत उभे राहून टाळ्या आणि थाळ्या वाजवल्या. २५ मार्चपासून २१ दिवसांची देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. ती प्रथम ३ मेपर्यंत, नंतर १७ मेपर्यंत आणि शेवटी ३१ मेपर्यंत वाढत गेली. गोव्यात जनता कर्फ्यूची मुदत राज्य सरकारने आधीच २५ मार्चपर्यंत वाढवली होती. त्यामुळे गोमंतकीयांचा बंदिवास कोणत्याही खंडाविना सुरू झाला आणि पहिल्या काही दिवसांत किराणा मिळवणे हीच असंख्य कुटुंबांची मुख्य चिंता होऊन बसली. १९ एप्रिलपर्यंत गोव्यातील सातही रुग्ण बरे झाले. बडोद्यात मात्र त्याच महिन्यात जुन्या शहरालगतचा नागरवाडा परिसर संसर्गाचे केंद्र ठरला आणि तेथील वस्ती बंदिस्त करण्यात आली.

या निर्बंधांमागे दोन कायदे होते. एक २००५ सालचा आपत्ती व्यवस्थापन कायदा आणि दुसरा १८९७ सालचा साथरोग कायदा. दुसरा कायदा मुंबई इलाख्यात प्लेग पसरला असताना झाला होता. मराठी माणसाच्या सामूहिक स्मृतीत प्लेगची आठवण खोल आहे. पण त्या साथीत घर सोडून शेतात, माळावर झोपड्या बांधून राहावे लागे. २०२० च्या साथीने नेमके उलटे मागितले. घराबाहेर पडू नका, इतकेच तिचे म्हणणे होते. त्यामुळे आजी-आजोबांच्या अनुभवाचा संचय या वेळी पुरेसा पडला नाही. घरात दीर्घकाळ राहण्याची रीत बहुतेकांना नव्यानेच शिकावी लागली.

बसून राहण्याची किंमत

घरात बसल्याने विषाणूपासून संरक्षण मिळते, परंतु बसण्याची स्वतःची अशी एक किंमत असते. या विषयातील पहिला मोठा पुरावा लंडनच्या दुमजली बसगाड्यांतून आला. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बसचालक आणि वाहक यांची तुलना केली होती. दोघेही एकाच गाडीवर, एकाच शहरात काम करणारे. फरक इतकाच, की चालक दिवसभर बसून असे आणि वाहक तिकिटे देत जिने चढउतार करीत असे. हृदयरोगाचे प्रमाण वाहकांमध्ये लक्षणीयरीत्या कमी आढळले. व्यायामशाळेत न जाताही रोजच्या हालचालीतून शरीराचे रक्षण होते, हा त्या अभ्यासाचा बोध होता. टाळेबंदीने नेमकी हीच नकळत होणारी हालचाल हिरावून घेतली. बाजारापर्यंतची पायपीट, बसथांब्यापर्यंतची वाट, कार्यालयातील जिने, देवळाच्या पायऱ्या हे सारे थांबले.

वृद्धांच्या बाबतीत हा तोटा अधिक वेगाने होतो. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी वृद्ध व्यक्तींना दहा दिवस केवळ अंथरुणावर ठेवण्यात आले. तेवढ्या अवधीत त्यांच्या पायांतील स्नायूंचे वस्तुमान सुमारे एक किलोने घटले. टाळेबंदीत कोणी सलग दहा दिवस अंथरुणावर नव्हते, हे खरे. परंतु सकाळ-संध्याकाळ बागेत फिरणारे, देवदर्शनाला जाणारे, ओट्यावर बसून चार लोकांशी बोलणारे सत्तर वर्षांचे गृहस्थ जेव्हा दोन महिने खुर्ची आणि पलंग यांच्यातच वावरतात, तेव्हा त्यांचे शरीर त्याच दिशेने घसरू लागते. पायांतील शक्ती गेली की तोल जातो, तोल गेला की पडण्याची भीती वाटते आणि भीतीपोटी हालचाल आणखी कमी होते. हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले की निर्बंध उठल्यावरही ते आपोआप थांबत नाही. म्हणूनच घरातील हालचाल हा वेळ घालवण्याचा विषय नाही. घरातल्या वृद्धाचे उद्याचे स्वावलंबन तिच्यावर अवलंबून असते.

जुम्मादादांची तालीम

लहरीपुरा दरवाजापासून फार दूर नसलेल्या दांडिया बाजारात श्री जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे. बडोदेकर त्याला माणिकरावांचा आखाडा म्हणून ओळखतात. जुम्मादादा हे बडोद्यातील नामांकित उस्ताद. त्यांचे शिष्य गजानन यशवंत तांबे पुढे राजरत्न प्रोफेसर माणिकराव म्हणून देशभर प्रसिद्धीस आले. महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८७५ ते १९३९ या काळात, बडोद्यात शिक्षण, ग्रंथालये आणि कला यांबरोबरच शरीरसंवर्धनालाही राजाश्रय मिळाला. त्या वातावरणात माणिकरावांचे कार्य बहरले. ते कुशल अस्थिवैद्यही होते. निखळलेले सांधे आणि मोडलेली हाडे घेऊन लोक दुरून त्यांच्याकडे येत. व्यायाम आणि उपचार या एकाच विद्येच्या दोन बाजू आहेत, ही त्यांच्या आखाड्याची धारणा होती. संघाने, एका लयीत, भारतीय भाषेतील आज्ञांवर करावयाच्या सांघिक व्यायामाचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला.

याच आखाड्यात १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथ गणेश गुणे नावाच्या तरुणाने शिक्षण घेतले. १८८३ साली बडोद्याजवळच्या डभोई येथे जन्मलेला हा तरुण पुढे स्वामी कुवलयानंद झाला. त्यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि योगक्रियांचे शरीरावर होणारे परिणाम प्रयोगशाळेतील उपकरणांनी तपासण्यास प्रारंभ केला. त्याच वर्षी त्यांनी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. श्रद्धेचा विषय मानली जाणारी आसने आणि प्राणायाम त्यांनी मोजमापाच्या कक्षेत आणले. टाळेबंदीत देशभरातील घराघरांतून मोबाइलच्या पडद्यासमोर जी योगासने केली गेली, त्यांच्या आधुनिक इतिहासाचा एक धागा असा दांडिया बाजारातील तालमीपर्यंत जातो.

बडोद्याचे दुसरे मोठे देणे ग्रंथरूपाचे आहे. दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी बडोद्यात राहून ‘व्यायाम ज्ञानकोश’ हा दहा खंडांचा मराठी कोश संपादित केला. १९३० च्या दशकात त्याचे प्रकाशन सुरू झाले आणि पुढील दशकात ते पूर्ण झाले. १९५० साली त्याचे संक्षिप्त इंग्रजी रूप बडोद्यातूनच प्रसिद्ध झाले. जोर, बैठका, सूर्यनमस्कार, मल्लखांब, कुस्ती, लाठी, लेझीम, आसने अशा नाना प्रकारांचा असा विस्तृत संग्रह मराठीत अन्यत्र क्वचितच सापडेल.

या साऱ्या परंपरेत दोन वृत्ती दिसतात. एक पराक्रमाची. १९०२ साली गामा पैलवानाने उचलल्याचे सांगितले जाते ती अजस्र शिळा बडोद्याच्या संग्रहालयात आजही लोक कुतूहलाने पाहतात. दुसरी वृत्ती नेमाची. रोज ठरावीक वेळी, ठरावीक संख्येने, ठरावीक क्रमाने केलेले साधे व्यायाम तिच्यात येतात. टाळेबंदीत सामान्य कुटुंबाला पहिलीचा काही उपयोग नव्हता. त्याला गरज होती ती दुसरीची.

वेळ, जागा आणि संख्या

जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये आपली सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. प्रौढांनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत, वृद्धांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत आणि ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटे हालचाल मिळावी, असे त्यांत सांगितले आहे. थोडीही हालचाल मुळीच नसण्यापेक्षा बरी, हे त्यांतील सर्वांत दिलासादायक वाक्य. १५० मिनिटे म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास. तोही सलग हवा असे नाही. सकाळी, दुपारी आणि सायंकाळी दहा-दहा मिनिटे दिली तरी हिशेब पुरा होतो.

या हिशेबासाठी जुन्या तालमीतील साधने पुरेशी आहेत. सूर्यनमस्काराला एका सतरंजीएवढी जागा लागते. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या व्यायामाचा मोठा प्रसार केला आणि आपल्या संस्थानातील शाळांत तो सुरू केला. त्यांच्या पद्धतीत एका नमस्कारात दहा स्थिती होत्या. आज सामान्यतः बारा शिकवल्या जातात. अर्ध्या मिनिटाला एक अशा संथ गतीने बारा नमस्कार घातले तर सहा मिनिटे पुरतात आणि तेवढ्यात पाठ, खांदे, पोट आणि पाय यांना क्रमाने ताण मिळतो. बैठकांना तर सतरंजीही लागत नाही, उभे राहण्याएवढी फरशी पुरते. जोर जमत नसतील त्याने भिंतीला हात टेकून उभ्याने जोर काढावेत. ते जमू लागले की पलंगाच्या काठावर आणि मग जमिनीवर यावे. पायरी न सोडता चढत जाणे हीच तालमीतील शिस्त आहे.

चालण्याची सवय असलेल्यांनी घरातच मार्ग आखावा. स्वयंपाकघरापासून बाहेरच्या खोलीपर्यंत दहा पावले असतील, तर पन्नास येरझाऱ्या म्हणजे हजार पावले होतात. जुन्या बडोद्यातील गच्ची, गोव्यातील घराचे अंगण, सोपा किंवा बाल्कांव, इमारतीचा जिना यांचा उपयोग करता येतो. मात्र साथीच्या काळात सामाईक जिना आणि गच्ची वापरताना शेजाऱ्यांच्या वेळा वाटून घेणे आवश्यक ठरते.

तीन गोष्टी निश्चित केल्या की नेम टिकतो. पहिली वेळ. ‘फावल्या वेळी’ करायचा व्यायाम टाळेबंदीत कधीच होत नाही, कारण तेव्हा सगळाच वेळ फावला वाटतो. सकाळच्या चहापूर्वी किंवा दिवेलागणीला, असा एखाद्या जुन्या सवयीशी तो बांधावा. दुसरी संख्या. पहिल्या दिवशी उत्साहाच्या भरात पन्नास बैठका काढून दुसऱ्या दिवशी मांड्या धरून बसण्यापेक्षा रोज दहा काढाव्यात आणि आठवड्याला दोन वाढवाव्यात. तिसरी सोबत. आखाड्यात माणूस एकटा नसतो, मोजणारा कोणीतरी असतो. घरात ते काम नातवंडेही करू शकतात. दूरच्या भावाला फोन लावून दोघांनी एकाच वेळी नमस्कार घातले तरी सांघिक व्यायामच होतो.

हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, गुडघ्यांचे किंवा मणक्याचे दुखणे असलेल्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांचा सल्ला घेऊनच व्यायाम निवडावा. ताप असताना किंवा संसर्गातून नुकतेच उठल्यावर नेमाचा आग्रह धरू नये. छातीत दुखणे, धाप न ओसरणे किंवा भोवळ येणे ही ताबडतोब थांबण्याची आणि वैद्यकीय मदत घेण्याची लक्षणे आहेत.

वृद्ध, मुले आणि घरकाम

वृद्धांसाठी चार साध्या क्रिया उपयुक्त आहेत. पक्क्या खुर्चीवरून शक्यतो हात न टेकता उठणे आणि सावकाश बसणे. भिंतीचा आधार घेऊन टाचा उचलणे. ओट्याला धरून एका पायावर काही क्षण उभे राहणे. एका पावलापुढे दुसरे पाऊल जोडून सरळ रेषेत चालणे. या क्रियांच्या वेळी घरातील एक माणूस जवळ असावा, फरशी कोरडी असावी आणि पायांखाली घसरणारे पायपुसणे नसावे.

मुलांना व्यायाम सांगावा लागत नाही, खेळ द्यावा लागतो. लंगडी, दोरीवरच्या उड्या, फुगडी हे कमी जागेतील चांगले खेळ आहेत. गोव्यात फुगडीची परंपरा समृद्ध आहे आणि तिला दोन माणसे व चार हात जागा पुरते. बसून खेळायच्या खेळांत सागरगोटे, सारीपाट, नवकंकरी यांना पुन्हा जागा मिळाली. गोव्याच्या शेजारी सावंतवाडीत बनणारी गंजिफा हा तर लाखकामाचा सुंदर नमुना आहे. दशावतार गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी १२० गोल पाने असतात. ती खेळताना मुले मोजायला, आठवायला आणि हरायलाही शिकतात.

घरात सक्रिय राहण्याविषयी लिहिताना एक गोष्ट बहुधा निसटते. टाळेबंदीत घरातील सर्वांनाच निष्क्रियता आली असे नाही. स्वयंपाक, भांडी, केरफरशी, कपडे, मुलांचा ऑनलाइन अभ्यास आणि वृद्धांची शुश्रूषा यांचा भार अनेक घरांत एकट्या गृहिणीवर पडला. मदतीला येणारी बाई थांबली होती आणि घरात जेवणारी माणसे दिवसभर घरातच होती. केर काढणे, फरशी पुसणे ही श्रमाचीच कामे आहेत. त्या स्त्रीला आणखी व्यायाम करण्याचा उपदेश करणे हे अज्ञान होय. तिला हवी होती विश्रांती, आणि तीच कामे वाटून घेतली असती तर खुर्चीत अवघडलेल्या इतरांना हालचाल मिळाली असती. लंडनच्या बसवाहकांच्या अभ्यासाचा घरगुती अर्थ इतकाच. ज्या घरांनी कामांची वाटणी केली, त्यांनी एकाच उपायाने दोन प्रश्न सोडवले.

मनाचे आरोग्य

सकारात्मकता हा शब्द टाळेबंदीत फार स्वस्त झाला. मंगळ बाजारातील फेरीवाल्याचा दिवसाचा धंदा बुडाला असताना, कोणाचे आप्त रुग्णालयात असताना किंवा अंत्यदर्शनही घेता आले नसताना त्याला ‘आनंदी राहा’ असे सांगणे कठोरपणाचे आहे. भीती आणि शोक हे त्या काळाचे स्वाभाविक परिणाम होते. सकारात्मक राहणे याचा अर्थ त्या भावना नाकारणे असा होत नाही. त्या असतानाही दिवसाला आकार देत राहणे असा होतो.

मानसोपचारात याच तत्त्वावर आधारलेली एक पद्धत अनेक दशके वापरात आहे. मन प्रसन्न झाल्यावर काम करू, अशी वाट न पाहता आधी छोटे, ठरलेले आणि पूर्ण होणारे काम हाती घ्यायचे. मनःस्थिती मागाहून सुधारते. अंथरूण आवरणे, झाडांना पाणी घालणे, एका नातेवाइकाला फोन करणे, दहा बैठका काढणे ही अशीच कामे. नेमाने केलेला व्यायाम शरीराइतकाच मनाच्याही उपयोगी पडतो, त्याचे एक कारण येथे आहे. बंद दारामागे दिवस एकमेकांत मिसळून जातात, नेम त्यांना पुन्हा वेगळे करतो.

बडोद्याच्या इतिहासात एकांताचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनानंतर, १९०८ च्या आरंभी, अरविंद घोष बडोद्यास आले आणि विष्णु भास्कर लेले या मराठी योग्यांच्या मार्गदर्शनाखाली सरदार मुजुमदारांच्या वाड्यातील माडीवर तीन दिवस ध्यानस्थ राहिले. तो एकांत त्यांनी स्वतः निवडला होता, त्याला मर्यादा होती आणि मार्गदर्शक होता. लादलेल्या एकांतात यांपैकी काहीच नसते. म्हणून सामान्य कुटुंबाने दीर्घ ध्यानाचा अट्टहास धरण्यापेक्षा रोज पाच-दहा मिनिटे शांत बसून श्वासाकडे लक्ष द्यावे, हे अधिक व्यवहार्य. श्वास सोडण्याचा काळ घेण्याच्या काळापेक्षा किंचित लांबवला की अनेकांना शांत वाटते.

वाचन आणि संगीत यांची मदत मोठी असते. सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकन ग्रंथालयतज्ज्ञ विल्यम बोर्डन यांना बोलावून राज्यात मोफत सार्वजनिक ग्रंथालयांची यंत्रणा उभारली. ग्रंथांच्या पेट्या गावोगावी पाठवणारी फिरती ग्रंथालये हा तिचा विशेष. वाचक ग्रंथालयापर्यंत येऊ शकत नसेल तर ग्रंथाने त्याच्यापर्यंत जावे, हा त्यामागील विचार. १८३२ साली स्थापन झालेले पणजीचे ग्रंथालय असो वा बडोद्याचे मध्यवर्ती ग्रंथालय, टाळेबंदीत दोन्हीकडे वाचकाला प्रवेश नव्हता. अशा वेळी घरातील कपाटातील न वाचलेली पुस्तके शेजाऱ्यांत फिरवणे ही त्या पेट्यांचीच छोटी आवृत्ती ठरते. सूरसागराच्या काठावरील संगीत विद्यालयाची परंपरा १८८६ साली मौलाबक्षांपासून सुरू झाली. घरात मात्र रियाज असा शब्द वापरण्याचीही गरज नाही. भजन म्हणणे, तबल्यावर ठेका धरणे, गोव्यात घुमटावर बोल वाजवणे यांत श्वास, हात आणि लक्ष एकत्र गुंततात, आणि बातम्यांचा मारा तेवढा वेळ थांबतो.

बातम्यांचीही वेळ ठरवणे हिताचे असते. २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने रामायण मालिकेचे पुनःप्रसारण सुरू केले, तेव्हा अनेक घरांत तीन पिढ्या ठरलेल्या वेळी एकत्र बसल्या. मालिकेच्या गुणदोषांपलीकडे, दिवसात एक निश्चित सामाईक वेळ मिळाली हे महत्त्वाचे होते. दिवसभर मोबाइलवर मृत्यूंचे आकडे पाहणाऱ्या मनाला अशी वेळ मिळत नाही.

तरीही काही वेळा नेम, वाचन, संगीत यांपैकी काहीच पुरेसे पडत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडणे, कशातच रस न वाटणे, जेवणाची इच्छा नसणे किंवा जीवन संपवण्याचे विचार येणे ही आजाराची लक्षणे आहेत. त्यांना इच्छाशक्तीचा अभाव समजू नये. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत मानसिक आरोग्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. घरात हिंसाचार होत असेल तर तेथे सकारात्मकतेचा सल्ला नको, तातडीची मदत हवी. पोलिसांचा ११२ हा क्रमांक त्यासाठी आहे.

निर्बंध उठल्यानंतर

टाळेबंदी इतिहासजमा झाली असली तरी घरात अडकण्याचे प्रसंग संपलेले नाहीत. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीला आलेल्या पुरामुळे बडोद्यातील असंख्य कुटुंबांना वरच्या मजल्यांवर दिवस काढावे लागले. गोव्यातील मुसळधार पावसात फिरायला जाणे आठवडेच्या आठवडे राहून जाते. अस्थिभंग, प्रसूती, शस्त्रक्रिया, वृद्धाची शुश्रूषा ही प्रत्येक घरातील छोटी टाळेबंदीच असते. अशा प्रत्येक वेळी प्रश्न तोच राहतो. उपलब्ध जागेत, उपलब्ध माणसांसह, शरीर आणि मन कसे राबते ठेवावे?

दांडिया बाजारातील आखाड्याने, ‘व्यायाम ज्ञानकोशा’च्या दहा खंडांनी आणि लोणावळ्याच्या प्रयोगशाळेने या प्रश्नाला दिलेले उत्तर एकाच दिशेचे आहे. मोठी जागा, महाग साधने किंवा अलौकिक निर्धार यांपैकी काहीही अनिवार्य नाही. ठरलेली वेळ, पेलणारी संख्या आणि मोजायला कोणीतरी सोबत असले, की सतरंजीएवढी जागा व्यायामशाळा होते. ही सवय घर मोकळे असतानाच लागली असेल, तर दार पुन्हा कधी बंद करावे लागले तरी तिच्यासाठी नव्याने धडपडावे लागत नाही.